तळ कुणासाठी घालायचा?

प्रश्न, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या वाचक ताईंकडे दोन फुटी फिश टँक आहे. त्यात सहा ब्राँझ कोरी, चार कुहली लोच (हे दोन्ही तळाशी राहणारे मासे) आणि थोडे गप्पी. तळाला दुकानातून आणलेले निळे-पांढरे रंगीत खडे. गेल्या काही महिन्यांत कोरींच्या मिशा आखूड झालेल्या दिसल्या आणि खडे बदलायचं ठरलं, पण त्यांच्या जागी काय घालायचं यावर घरात एकमत होईना. नववीतल्या मुलाला तळभर हिरवळ हवी आहे आणि त्यासाठी अ‍ॅक्वासॉइलच (झाडांना पोसणारी दाणेदार तयार माती) लागेल, असं तो म्हणतो. दुकानदारही तेच म्हणतो. ताईंचे यजमान समोरच्या टॉवरच्या कामावरून घमेलंभर रेती आणू म्हणतात. दीर अलिबागहून समुद्राची वाळू आणून द्यायला तयार आहेत. शेजारच्या काकूंनी येऊरची माती सुचवली आहे. ताई विचारतात: झाडांचं बघायचं की माशांचं? आणि गेलेल्या मिशा परत येतात का?

उत्तर: ताई, आधी मिशांचं बोलू, कारण तुमचा सगळा निर्णय त्यांच्यावर उभा आहे. खडे टोचतात म्हणून मिशा झिजल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होतं, नाही असं नाही. पण दुकानातले रंगीत खडे बऱ्याचदा बोटाला गुळगुळीतच लागतात. मूठभर घेऊन घट्ट दाबून पाहा. टोचले नाहीत तर मला संशय दुसऱ्याच गोष्टीचा आहे. टाकीच्या मागच्या कोपऱ्यातले खडे बोटाने जरा हलवा. खालून तपकिरी धुरळा उठला, तर कारण सापडलं म्हणायचं. मोठ्या खड्यांच्या फटींतून खाणं खाली जातं, विष्ठा जाते, आणि तिथे कुणी पोहोचत नाही. ते कुजतं. कोरी दिवसभर नेमकं तिथेच तोंड घालते. त्या घाणीत वाढलेल्या जीवाणूंनी मिशा सडत जातात, आणि आपल्याला वाटतं की खड्यांनी कापल्या. गुळगुळीत खड्यांवरही मिशा शाबूत असलेल्या कोरी असतात, पण त्या टाक्यांचा तळ नियमाने सायफनने, म्हणजे घाण ओढून काढणाऱ्या नळीने, साफ केलेला असतो.

म्हणजे तळ बदलायलाच हवा, पण ते अर्धंच औषध झालं. नवी वाळू घालून जर रोज रात्री पूर्वीइतकंच खाणं टाकत राहिलात, तर सहा महिन्यांनी हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल.

आता झाडं की मासे. या प्रश्नात एक गृहीत दडलंय: तळातून खाल्लं तरच झाड जगतं. तसं नाही. पाणवनस्पती पानांतूनही पाण्यातलं खत घेतात. काहींना तर खोड मातीत पुरलेलं चालतच नाही. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत गाडलंत तर ते कुजतं. ही झाडं लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची, नाहीतर फेविक्विकच्या थेंबाने चिकटवायची. हॉर्नवर्ट तर नुसतं तरंगत वाढतं. झाडाकडे असे चार मार्ग आहेत, कोरीकडे एकच. वाळूत नाकापर्यंत तोंड खुपसायचं, तोंडभर वाळू घ्यायची, खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची. सुपात धान्य पाखडावं तसं तिचं दिवसभर चालू असतं. खड्यांवर तिला हे करताच येत नाही. कुहली लोच तर वाळूत शिरूनच राहतात. तुमच्या पत्रात ‘लोच दिसतच नाहीत’ असं आहे, त्याचं एक कारण हेही. तेव्हा माझा कौल सरळ आहे. तळ तळातल्या माशांसाठी घाला आणि झाडांची सोय त्यातून काढा. उलट बाजूने सुरुवात केलीत की तडजोड कायम माशांच्या वाट्याला येते.

मग तुमच्या घरातले चार सल्ले एकेक करून पाहू.

यजमानांची घमेलंभर रेती. फुकट आहे, पण आता बांधकामावर नदीची रेती क्वचितच येते. येते ती क्रश सँड, म्हणजे खडी क्रशरवर फोडलेला काळा दगड. तिचे कण कोनेदार असतात आणि त्यात दगडाची पूड भरपूर असते. सिमेंटला धरून राहायला ते कोनच उपयोगी पडतात, पण कोरीच्या तोंडाला आणि कल्ल्यांना नेमके तेच नकोत. शिवाय साइटवरच्या ढिगात सिमेंट, चुना, तेल काय काय मिसळलेलं असतं, कोण सांगणार? खाडीतून काढलेली रेती असेल तर तिच्यात मीठ आणि खाडीचा गाळ. थोडक्यात, टॉवरवाल्यांची रेती टॉवरलाच राहू दे.

अलिबागची वाळू दिसते सुंदर, हाताला मऊही लागते. अडचण शिंपल्यांची. त्यांचा चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू पाण्यात विरघळतं, पाणी जड होतं आणि पीएच चढतो. मीठ धुऊन जाईल, शिंपले जाणार नाहीत. कुठल्याही अनोळखी वाळूची एक घरगुती परीक्षा आहे: कोरड्या चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका आणि कान जवळ नेऊन ऐका. बारीक फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर ती वाळू या टाकीच्या कामाची नाही. दिरांना वाईट वाटू नये म्हणून काचेच्या बरणीत शोभेला ठेवता येईल.

काकूंची येऊरची माती मात्र नकोच. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून माती, दगड, लाकूड काहीही उचलून आणायचं नसतं. नर्सरीची माती खाली आणि वर वाळूचा थर, अशी पद्धत मात्र खरोखर आहे, आणि नुसत्या झाडांच्या टाकीत ती उत्तम चालते. पण आपल्याकडे कुंडीच्या मातीत शेणखत घातलेलं असतं, त्यातून माशांना विषारी असा अमोनिया सुटतो. त्यात तुमच्याकडे कुहली. ते वरचा थर फोडून खाली जाणार आणि एके दिवशी सकाळी टाकीत चहाच्या रंगाचं पाणी असणार. तळात शिरणारे मासे असतील तिथे मातीचा थर नको, यावर मी ठाम आहे.

राहिलं अ‍ॅक्वासॉइल. मुलगा आणि दुकानदार चुकीचं बोलत नाहीत. झाडांच्या मुळांना त्याच्याइतकं पोसणारं दुसरं काही बाजारात सहज मिळत नाही. त्यावर कोरी पाळणारेही आहेत. पण तुमच्या बाबतीत तीन गोष्टी आड येतात. पहिली आणि मोठी: नवीन अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडतं. रिकाम्या टाकीत ते चालतं, नवी टाकी मुरवायला, म्हणजे तिच्यात उपयोगी जीवाणू वाढवायला, मदतच होते. तुमच्याकडे मासे आधीच आहेत आणि त्यांना महिनाभर ठेवायला दुसरी टाकी नाही. दुसरी: ते पाण्याचा पीएच आणि क्षार खाली ओढतं, पण त्याची ही ताकद संपणारी असते. ठाण्याला येणारं भातसा-उल्हासचं नळाचं पाणी तसं मऊच. पण घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्यांत बोअरचं जड पाणी असू शकतं. तशा पाण्यात ही ताकद लवकर संपते, आणि तोवर नळ, टँकर, पुन्हा नळ असं पाणी बदलत राहिलं तर माशांना हेलकावे बसतात. घरात आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) असेल तर दर वेळी पाणी भरताना आकडा लिहून ठेवा. टँकरचा दिवस त्यात लगेच ओळखू येतो. तिसरी गोष्ट दाण्यांची. कोरीला पाखडता येईल एवढे ते बारीक नसतात, आणि सतत उकरले गेले की दाणे फुटून चिखल होतो.

आणि पैसे? ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळावर ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे बरोबर ९ लिटर, एक मोठी पिशवी. तुम्ही लिहिलंय, ‘महाग आहे म्हणजे चांगलंच असेल.’ चांगलं आहेच, पण झाडांसाठी.

मी तुमच्या जागी सिलिका सँड घेईन. जलतरण तलावाच्या किंवा पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात तीच. आपल्या सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या बाजूला ती निघते. फिल्टर प्लांटचं सामान विकणाऱ्यांकडे ती मोठ्या गोणीत असते, सुटी देणारा शोधावा लागेल; फिश टँकच्या दुकानात हीच लहान पिशवीत जास्त भावाने मिळते. मागताना ‘१६/३० मेश’ सांगा, म्हणजे साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटरचा कण. २०/४० मिळाली तर आणखी बरी, ती थोडी बारीक असते. यापेक्षा पिठासारखी घेऊ नका, घट्ट बसते आणि फिल्टरमध्ये ओढली जाते. सिलिका पाण्याच्या रसायनात ढवळाढवळ करत नाही. पण सगळी सिलिका सँड गोल कणांची असतेच असं नाही, काही फोडलेल्या गारेचीही असते. म्हणून दुकानातच थोडी ओली करून मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून पाहा. ओरखडा उठला तर परत ठेवा, मग दुकानदार काहीही म्हणो.

रंग शक्यतो फिकट तपकिरी. शुभ्र वाळूवर दिवे लागले की कोरी बिचकतात आणि फिक्या पडतात.

पुढे ३ आणि मागे ५ सेंटिमीटर असा उतार दिलात तर दहा-बारा किलो पुरे. जास्त जाड थर घालू नका. जाड आणि घट्ट वाळूत खाली ऑक्सिजन पोहोचत नाही, काळे पट्टे येतात आणि हलवलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. जिथे झाडांची मुळं नाहीत तिथे महिन्यातून एकदा चॉपस्टिकने हलकेच टोचायचं. मलेशियन ट्रम्पेट स्नेल म्हणून लांबट शंखाच्या गोगलगायी असतात, त्या वाळूत शिरून हेच काम करतात. मात्र खाणं जास्त पडलं की त्यांची फौज होते.

दुकानदार एक ‘टाकी साफ करणारा मासा’ही देतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. घेऊ नका. तो सकर कॅटफिश फूटभराच्या वर वाढतो आणि साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. मग लोक तो उपवन नाहीतर मासुंदा तलावात सोडून येतात. परदेशी सकर मासे आपल्या नद्या-तलावांत पसरण्यामागे हेही एक कारण आहे. तळ साफ करणारा प्राणी टाकीबाहेर, हातात सायफन घेऊन उभा असतो. वाळूत सायफन खुपसायचा नसतो, बोटभर वर धरून फिरवायचा. आणि वाळूवर घाण जास्त दिसते म्हणून घाबरू नका. खड्यांत ती दडून राहत होती, आता वर दिसते आणि काढता येते.

आता झाडं, म्हणजे मुलाचा प्रश्न. त्याला एक सांगून बघा: इंटरनेटवरच्या हिरव्यागार गालिच्यांच्या टाक्या नीट पाहा आणि त्यांत किती कोरी दिसतात ते मोज. बहुतेक ठिकाणी मधल्या पाण्यातले छोटे टेट्रा असतील. मोंटे कार्लोसारख्या बारीक झाडांचा गालिचा दाट यायला बहुधा कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर आणि कडक उजेड लागतो, आणि मुळं धरायच्या आत कोरी ती रोपं उपटून वर तरंगत ठेवतात. हे भांडण कोरीच जिंकते.

पण हिरवं तर हवंच. मागे व्हॅलिस्नेरिया लावा, ती आपल्या उष्ण पाण्यात आनंदाने वाढते आणि पिल्लं फुटून रांग धरते. मध्ये क्रिप्टोकोरिन. तिच्या काही जाती आपल्या कोकण-सह्याद्रीतल्याच आहेत. लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात तिची पानं विरघळतील, ती मेली असं समजून उपटू नका, मुळातून नवी येतात. या दोन्हींच्या मुळांशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, चिमट्याने खोल खोचायची, दर दोन-तीन महिन्यांनी. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड हवाच असेल तर तो अधाशी आहे. त्याच्यासाठी मला एक युक्ती आवडते: बिनरंगाची, बिनचकाकीची मातीची वाटी किंवा कुल्हड घ्यायचा, त्यात मूठ-दोन मुठी अ‍ॅक्वासॉइल, त्यात झाड, वरून थोडे मोठे गोल गोटे, आणि वाटी दगडाआड वाळूत बसवायची. खाणं झाडाला मिळतं, तळ माशांचा राहतो. एवढ्याशा सॉइलचा अमोनिया नियमित पाणी बदलून आवरतो. खास मुलाच्या गालिच्यासाठी स्टीलच्या बारीक जाळीच्या तुकड्यांवर मॉस बांधून द्या. ते त्याचं त्याने कापायचं. दहावीनंतर त्याचा उत्साह टिकला तर त्याला एक फुटी वेगळी टाकी द्या, त्यात अ‍ॅक्वासॉइल आणि झिंगे, कोरी नाहीत.

बदलायचं कसं? पाण्याच्या शटडाऊनच्या दिवशी हा उद्योग काढू नका. वाळू आदल्या दिवशी बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा. ते पाणी कुंड्यांना घाला. वाळू मोरीच्या पाइपात जाऊ देऊ नका, नाहीतर सोसायटीच्या प्लंबरची ओळख वाढेल.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी टबात काढा आणि त्यात मासे, एअर पंप आणि फिल्टरचा स्पंज ठेवा. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणू मुख्यतः त्यातच असतात आणि क्लोरीनने ते मरतात. कोरी जाळीने पकडू नका, त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात. प्लास्टिकचा डबा बरा. टब झाकून ठेवा, कुहली उडी मारतात. खडे मगाने थोडे थोडे काढा आणि प्रत्येक मगात बघा. चार कुहली मोजून सापडेपर्यंत खडे फेकायचे नाहीत.

काही जण तळ थोडा थोडा करून तीन रविवारी बदलायला सांगतात, मासे टाकीतच ठेवून. कुजलेला गाळ माशांच्या तोंडावर तीनदा उडवण्यापेक्षा एकदाच मासे बाहेर काढलेले मला बरे वाटतात.

नंतर वाळू, वाळूवर ताटली, ताटलीवर हळू पाणी, पाण्यात अँटी-क्लोरीन. पाणी दोन्हीकडे सारखं कोमट असू द्या. फिल्टरचं तोंड तळापासून चांगलं वर धरा आणि गढूळपणा बसल्यावरच तो चालू करा. जुन्या खड्यांबरोबर काही जीवाणू गेलेत, त्यामुळे आठवडाभर खाणं निम्म्यावर आणा आणि एक दिवसाआड अमोनिया तपासा. तो दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदला. काही आठवड्यांनी वाळूवर तपकिरी थर येईल. तो नव्या तळावर येतोच, पुसला की जातो.

मुलगा पांडा कोरी मागतोय, त्याला सध्या नाही म्हणा. तिला थंड पाणी लागतं, साधारण २५ अंशांच्या आतलं. मे महिन्यात ठाण्यात घरातली टाकी तिशी ओलांडते. तुमच्या ब्राँझ कोरी बऱ्याच सोशिक, तरी उन्हाळ्यात हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा. त्या मधूनच वर झेपावून हवा गिळतात, ते त्यांचं नेहमीचं आहे. सगळ्याच एकसारख्या वर जायला लागल्या तर मात्र पाण्यात काहीतरी बिघडलंय. कुणी वाढवायचंच असेल तर कुहली दोन वाढवा, पण तळ बसल्यावर महिनाभराने.

राहिला शेवटचा प्रश्न. मिशीचा बुंधा शिल्लक असेल तर ती पुन्हा वाढते, काही आठवडे ते काही महिने लागतात. अगदी ओठापर्यंत गेली असेल तर बहुधा येत नाही; तरीही कोरी वास घेऊन खाणं शोधते आणि जगते, फक्त बुडणाऱ्या गोळ्या तिच्यापर्यंत पोहोचताहेत ना, ते दिवे बंद केल्यावर बघावं लागतं. तोंडाशी लाली किंवा पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तळ बदलून भागणार नाही, औषध लागेल. दीड-दोन महिन्यांनी फरक दिसला नाही तर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हे तिन्ही आकडे, पाणी नळाचं की टँकरचं, आणि कोरीचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. वरून काढलेल्या फोटोत मिशा दिसत नाहीत.